टर्कीचे आठ दिवस आणि पुढचं वर्ष

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला आणि मेफेड्रोनचा, म्हणजे 'एमडी'चा, शेकडो किलोंचा साठा पकडला. तेव्हापासून दौंड-शिरूरकडे नशेचा विषय निघाला की 'एमडी'शिवाय दुसरं नाव येत नाही. घरातला मुलगा वेगळा वागायला लागला की पहिला संशय एमडीचाच. या लेखाचा विषय मात्र दुसरा आहे. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अफू, ट्रकवाल्यांकडे मिळणारा अफूच्या बोंडांचा भुगा, दुखण्यावरच्या ट्रामाडॉलसारख्या गोळ्या, पेंटाझोसिनची इंजेक्शनं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, हे सगळं अफूच्या कुळातलं. एमडी माणसाला जागं ठेवतं, धावडवतं. अफूचं कुळ त्याला शांत करतं, सुस्त करतं. दोन्हींचं उतरणं वेगळं आणि औषधंही वेगळी. म्हणून घरच्यांनी भांडायच्या आधी एक गोष्ट शांतपणे विचारून घ्यावी : तू नेमकं काय घेतोस? रिकामी पाकिटं, बाटल्या, काळपट डाग पडलेली चंदेरी पन्नी सापडली तर ती रागाने चुलीत घालू नका. डॉक्टरांना ती दाखवता आली तर अर्धं निदान तिथेच होतं.

ही व्यसनं लागतात कशी, हे आपल्या भागात राहणाऱ्याला फार समजावून सांगायला नको. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडीच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये उभं राहून काम करणारा कंत्राटी कामगार पाठ धरली म्हणून गोळी घेतो. अपघातानंतर पायात सळई टाकलेली असते, तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी दिलेली गोळी वर्षभर चालू राहते. ऊसतोडीच्या, ट्रॅक्टरच्या, रात्रीच्या ड्रायव्हिंगच्या कामात 'अंग हलकं होतं' म्हणून कुणीतरी काहीतरी देतं. आणि काही पोरं सरळ मित्रांच्या नादाने पुण्यातून पुडी आणतात. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. तरीही ज्याला हवं असतं त्याला ते मिळतं. दिल्लीच्या 'एम्स'ने केंद्र सरकारसाठी केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. १० ते ७५ या वयोगटातली सुमारे २.१ टक्के माणसं, म्हणजे सव्वादोन कोटींहून अधिक लोक, अफूच्या कुळातलं काही ना काही वापरतात असं त्यात आढळलं. तेव्हा तुमच्या घरात हे घडलं असेल तर तुम्ही एकटे नाही. 'आमच्याच नशिबी का' हा प्रश्न आज बाजूला ठेवा.

टर्की म्हणजे काय होतं

नशा उतरतानाच्या त्रासाला गर्दवाल्यांच्या भाषेत 'टर्की' म्हणतात. 'टर्की आली', 'टर्की लागली'. रोजचा डोस चुकला की शरीर जे उलटतं ते. अफूचे पदार्थ मेंदूतलं दुखणं आणि घाबरटपणा दाबून ठेवतात. महिनोन् महिने बाहेरून हा दाब मिळत राहिला की शरीर त्याच्याविरुद्ध जोर लावायला शिकतं. पदार्थ अचानक थांबला की दाब जातो, जोर तसाच राहतो. मग जे जे दाबलं गेलं होतं ते सगळं उसळून येतं. नशेत बद्धकोष्ठ होतं, टर्कीत जुलाब होतात. नशेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, टर्कीत त्या मोठ्या होतात. नशेत झोप, टर्कीत रात्रभर टक्क जाग.

गर्द शेवटचं घेतल्यापासून साधारण आठ ते बारा तासांत सुरुवात होते. आधी जांभया, एकामागून एक, झोप नसताना. नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून पुष्कळदा घरच्यांना सर्दी-तापच वाटतो. मग अंगावर काटा, घाम आणि थंडी एकाच वेळी. दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत वाईट. पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, आणि हाडं आतून कुणी पिळतंय असं दुखणं. पाय स्वस्थ राहत नाहीत. दुसऱ्या रात्री असा मुलगा अंथरुणावर असतो तेव्हा तो पाय भिंतीवर आपटतो, चादर अंगावर घेतो, लगेच फेकतो, उठून मोरीत जातो, अंगावर गरम पाणी घेतो, परत येतो, आणि पहाटे तीनला आईच्या पायांशी बसून म्हणतो, "आई, फक्त आजच्या दिवस दे गं, उद्यापासून नाही." तो नाटक करत नसतो. त्या क्षणी ते त्याला खरंच वाटत असतं. आईने पैसे देऊ नयेत हे खरं. पण 'ढोंग करतो' असं म्हणून पाठही फिरवू नये.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून उतार पडतो. आठवडा, फार तर दहा दिवसांत शरीराचा मुख्य त्रास ओसरतो. गोळ्यांचं थोडं वेगळं असतं. काही गोळ्यांची टर्की उशिरा सुरू होते, जास्त दिवस रेंगाळते. ट्रामाडॉलच्या बाबतीत तर नेहमीच्या त्रासाबरोबर जबरदस्त भीती, गोंधळ, क्वचित भासही होतात, आणि मोठ्या डोसवर असणाऱ्याला फिट येऊ शकते. 'साधी दुखण्याचीच गोळी आहे' असं समजून ती एका दिवसात बंद करणं म्हणूनच धोक्याचं आहे.

घरी काय करावं, काय करू नये

धडधाकट तरुण माणूस निव्वळ अफूच्या टर्कीने सहसा मरत नाही. हे सांगणं आवश्यक आहे, कारण 'आता मी मरतो' या भीतीनेच पुष्कळजण परत पुडीकडे जातात. पण काही जणांनी हा प्रयोग घरी करूच नये. गर्भवती बाई असेल तर मुळीच नाही. अचानक बंद केल्याने पोटातल्या बाळाला धोका होतो, तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधावर ठेवावं लागतं. सोबत रोजची दारू किंवा झोपेच्या, 'बटन' म्हणतात तसल्या गोळ्या असतील तरीही नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या एकदम थांबल्याने फिट येते, माणूस भ्रमात जातो, आणि यात मात्र जीव जाऊ शकतो. हृदयाचा, यकृताचा आजार असेल, मधुमेह असेल, आधी कधी जीव देण्याचा प्रयत्न झाला असेल, तर सरळ दवाखाना गाठा. ओळखीच्या दुकानदाराकडून आणलेल्या गोळ्यांवर हे भागत नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंतचा एखादा दिवस किंवा रात्र घरीच काढायची वेळ आली तर शरीरातलं पाणी जपा. जुलाब-उलट्यांनी माणूस कोरडा पडतो, आणि टर्कीतला खरा धोका तोच. ओआरएसचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामं करा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. घटाघटा प्यायला दिलं की उलटतं, म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी दोन-दोन घोट द्या. तांदळाची पेज, पातळ ताक, मऊ भात, केळं. तेलकट, तिखट आठवडाभर बंद. चहा-कॉफीने पायांची तगमग वाढते. अंग दुखतं त्यावर साधी पॅरासिटामॉल चालते, तीही पाकिटावर लिहिलेल्या मर्यादेत. यकृताची तक्रार असेल तर तीही विचारूनच. गरम पाण्याची अंघोळ, पाय चेपून देणं, आणि कुणीतरी जवळ बसणं, याचा उपयोग ऐकायला वाटतो त्यापेक्षा जास्त होतो. लघवी होईनाशी झाली, उलटीतून किंवा शौचातून रक्त आलं, फिट आली, छातीत दुखलं, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा जीव देण्याची भाषा करू लागला, तर १०८ ला फोन करा.

आता काय करू नये. खोलीत कोंडून बाहेरून कडी लावणं, साखळीने बांधणं, मारणं ही क्रूरता आहे, आणि धोका त्याहून मोठा. कोंडलेल्या माणसाला फिट आली तर कळणार कुणाला? दारूवर ढकलणं, 'गर्द सोड, त्यापेक्षा दोन पेग घे' म्हणणं, यात एक व्यसन जाऊन दुसरं येतं असंही नाही, पुष्कळदा दोन्ही राहतात. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मूठभर खाणारे लोक आहेत. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात.

आणि एक गोष्ट आपल्याकडे फार होते, म्हणून जरा थांबून सांगतो. 'त्याला न कळवता जेवणात घालायचं औषध' म्हणून काही ना काही विकलं जातं, कधी पावडर, कधी गोळ्या. बायका बिचाऱ्या शेवटचा उपाय म्हणून ते भाजीत कालवतात. त्यात नॅल्ट्रेक्सोनसारखं अफूचा परिणाम तोडणारं औषध असेल आणि माणसाच्या अंगात गर्द असेल, तर अर्ध्या-पाऊण तासात सगळी टर्की एकाच वेळी, नेहमीच्या कितीतरी पट जोराने उसळते. नॅल्ट्रेक्सोन चांगलं औषध आहे, पण ते अंगातून अफू पूर्ण गेल्यावर, साधारण आठवडा-दहा दिवस कोरडे गेल्यावर, तपासण्या करून आणि त्या माणसाला सांगूनच सुरू करतात. दारूसाठी गुपचूप देतात त्या गोळ्यांचीही तीच कथा, त्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. न सांगता औषध देऊ नका. कितीही भांडण झालेलं असो, देऊ नका.

माळ घालणं, देवापुढे शपथ घेणं याला माझा विरोध नाही. पंढरीची माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांच्या निश्चयाला मान द्यायला हवा. पण माळ घातलेल्या माणसालाही दुसऱ्या रात्री जुलाब होतातच. त्याला औषध द्या, माळ राहू द्या.

शिरूर-दौंडहून जायचं कुठे

पहिला फोन गावात बसून, कुणाला न कळता करता येतो. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत मदतवाहिनी आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही. जवळचं मान्यताप्राप्त केंद्र कोणतं ते तिथे विचारा. १४४१६ म्हणजे टेलि-मानस, मानसिक त्रासासाठी रात्रंदिवस चालणारी सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पहाटे तीनला वरच्यासारखी वेळ आली तर या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात, शिरूरला काय किंवा दौंडला काय, सलाईन, रक्तदाब, साखर, रक्ताच्या तपासण्या होतात. टर्कीतल्या माणसाला सावरायला एवढं पुष्कळ आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात हे तिथे आधी विचारून ठेवा, म्हणजे हेलपाटा पडत नाही. जो सुईने घेत असेल त्याने तिथेच एचआयव्ही आणि काविळीच्या ब, क प्रकारांची तपासणी करून घ्यावी. हिपॅटायटिस क आता काही महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाखाली त्याचे उपचार सरकारी व्यवस्थेत मोफत आहेत.

पुढच्या उपचारांसाठी पुणे. दौंडकरांना रेल्वेचा फायदा आहे. दौंड, पाटस, केडगाव, यवत, कुठूनही सकाळची गाडी धरली की पुणे स्टेशनला उतरून ससून रुग्णालय चालत काही मिनिटांवर. मनोविकृतीशास्त्र विभागाचा केसपेपर सकाळी निघतो, तेव्हा उशीर करू नका. शिरूरकर नगर रस्त्याने येतात, त्यांना पुणे शहर लागायच्या आधी येरवडा लागतं. तिथे प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे आणि आळंदी रस्त्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. ईएसआयचं कार्ड असणाऱ्या कामगाराने आपल्या दवाखान्यातून संदर्भ चिठ्ठी घ्यावी. खर्च वाचतो आणि रजेचा कागदही रीतसर होतो.

'वेड्यांच्या इस्पितळात' जायचं या कल्पनेनेच काही घरं मागे फिरतात. त्यांना मुक्तांगणची सुरुवात सांगावीशी वाटते. १९८५-८६ च्या सुमाराला पुण्यात गर्दची लाट आली. चांगल्या घरांतली, कॉलेजातली पोरं भांडीकुंडी विकून पुडी आणू लागली. अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये फिरून लिहिलं, त्याचं 'गर्द' हे पुस्तक झालं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैशांची मदत पुढे केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू केलं. महाराष्ट्रातलं व्यसनमुक्तीचं सर्वांत नावाजलेलं काम असं मनोरुग्णालयाच्या कुंपणाच्या आत जन्मलं. तिथे बरी झालेली माणसं पुढे तिथेच समुपदेशक झाली, आणि नव्याने आलेल्या मुलाला समोरच्याने 'मीही दोन दिवस असाच भिंतीवर पाय आपटत होतो' असं सांगणं हा तिथल्या उपचाराचाच भाग बनला. बायकांच्या व्यसनासाठीही तिथे 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. व्यसनी बाईला आपल्याकडे नवऱ्याइतकीही सहानुभूती मिळत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

डॉक्टरांसमोर बसल्यावर लाज सोडून खरं बोला. शेवटचं कधी घेतलं, किती वाजता? दिवसाला किती, किती वर्षं? ओढून, खाऊन की सुईने? सोबत दारू, बटन, गांजा? हे ते विचारतात, कारण औषध त्यावर ठरतं. कमी सांगितलं तर औषध कमी पडतं आणि माणूस संध्याकाळी पुडीकडे जातो. जास्त सांगितलं तर गुंगी चढते. आईवडिलांसमोर बोलता येत नसेल तर 'मला एकट्याला बोलायचंय' असं सांगण्याचा हक्क रुग्णाला आहे.

औषध, आणि 'गोळीवर गोळी' हा आक्षेप

उपचारांचे ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. एक, काही दिवस टर्कीची लक्षणं औषधांनी सौम्य करत अंग कोरडं करायचं, मग समुपदेशन, हवं तर नॅल्ट्रेक्सोन. दुसरा, ब्युप्रेनॉर्फिनसारखी जिभेखाली ठेवायची गोळी महिनोन् महिने, गरज पडल्यास काही वर्षं चालू ठेवायची. ही गोळीही अफूच्याच कुळातली, पण तिचा परिणाम एका मर्यादेपलीकडे चढत नाही, दिवसभर टिकतो, टर्की येऊ देत नाही. ती औषधांच्या दुकानात सहज मिळत नाही, उपचार करणाऱ्या मान्यताप्राप्त ठिकाणाहूनच घ्यायची असते. पहिली गोळी टर्की नीट सुरू झाल्यावरच द्यायची असते. अंगात गर्द असताना घेतली तर तीच टर्की ओढवून आणते. त्यामुळे मित्राकडची उसनी गोळी कधीही घेऊ नये.

'मग काय फरक पडला, एक सोडलं नि दुसरं धरलं?' हा प्रश्न वडीलमंडळी हमखास विचारतात. फरक असा पडतो : गर्दवाल्याचा दिवस चार-सहा तासांच्या तुकड्यांत मोडलेला असतो, पुडी, पैसे, पुडी. ब्युप्रेनॉर्फिन घेणारा माणूस सकाळी गोळी घेऊन पाळीला जातो, संध्याकाळी घरी येतो, सुई थांबते, चोरी थांबते. जगभरच्या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली आहे, हे औषध घेत राहणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं. आणि नुसती टर्की उतरवून घरी पाठवलेल्यांपैकी बहुतेकजण थोड्याच महिन्यांत परत घेऊ लागतात. म्हणून माझं मत सरळ आहे. डॉक्टर दीर्घ मुदतीचं औषध सुचवत असतील तर 'लवकर बंद करा' म्हणून त्यांच्या मागे लागू नका. बंद कधी करायचं हे त्यांच्याबरोबर, हळूहळू ठरवा.

केंद्र निवडताना

गेल्या काही वर्षांत रस्त्याकडेला 'व्यसनमुक्ती केंद्र' अशा पाट्या वाढल्या आहेत. काही चांगली आहेत. काही ठिकाणी माणसाला नुसतं डांबून ठेवतात. पैसे भरण्याआधी प्रत्यक्ष जा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवायला सांगा. मनोविकारतज्ज्ञ कोण, किती दिवसांनी येतात, रात्री फिट आली तर काय करता, ते विचारा. झोपायची जागा आणि संडास स्वतः बघा. कुटुंबाला भेटू किंवा फोनवर बोलू देत नसतील, 'महिनाभर चौकशी करू नका, आम्ही बघतो' म्हणत असतील, गाडी पाठवून उचलून नेण्याची तयारी दाखवत असतील, तर तिथे ठेवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही मोडतात. साखळीने बांधण्याला त्या कायद्याने बंदी आहे. रुग्णाला अमानुष वागणुकीपासून संरक्षण आहे, गुप्ततेचा हक्क आहे. गैरप्रकार झाला तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. वकिलाची मदत हवी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे, आणि तालुका विधी सेवा समिती तुमच्या तालुक्याच्या न्यायालयातच बसते.

पोलिसांची भीती हा मोठा अडसर आहे. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. गर्दसाठी अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅम. विकणाऱ्याला ही सवलत नाही. आणि उपचार मागायला आलेल्या माणसाची खबर डॉक्टर पोलिसांना देत बसत नाहीत.

घरी परतल्यावर

सर्वांत जास्त मृत्यू होतात ते या टप्प्यावर, आणि नेमकं याचबद्दल घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. महिनाभर कोरडा राहिलेल्या शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी जो डोस त्याला 'नुसता नॉर्मल' करायचा, तोच आता श्वास थांबवू शकतो. केंद्रातून सुटल्यावर, तुरुंगातून सुटल्यावर, गावी महिनाभर राहून परत कामावर गेल्यावरचे पहिले आठवडे म्हणून फार जपायचे. माणूस हलवूनही जागा होत नाही, श्वास मंद किंवा घरघरीचा, ओठ-नखं निळसर, बाहुल्या टाचणीएवढ्या, असं दिसलं तर झोपू देऊ नका, 'उतरेल' म्हणून वाट बघू नका. १०८ ला फोन करा, काय घेतलं ते स्पष्ट सांगा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास बंद असेल तर हनुवटी वर करून तोंडाने श्वास द्या, नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. रुग्णालयात नॅलोक्सोन हे इंजेक्शन असतं, ते काही मिनिटांत श्वास परत आणतं. मात्र त्याचा असर अफूपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून शुद्धीवर आला की लगेच घरी नेण्याचा हट्ट करू नका.

शरीर सावरल्यावरही झोप कित्येक आठवडे लागत नाही, कशात रस वाटत नाही, चिडचिड राहते. हे आळशीपण समजू नका, मेंदूला पूर्वपदावर यायला वेळ लागतो. या काळात ठरलेली वेळ फार उपयोगी पडते : उठणं, चालणं, जेवण, काम. रात्रपाळी काही महिने टाळता आली तर सुपरवायझरशी बोलून टाळावी. पगाराचा दिवस धोक्याचा असतो. पगार काही काळ बायकोच्या किंवा आईच्या खात्यावर जाऊ द्यावा, आणि ही व्यवस्था त्याच्या संमतीने, त्याच्या समोर ठरवावी. गावची जत्रा, लग्नातली वरात, जुना कट्टा, पुडीवाल्याचा मोबाईल नंबर, यांची यादी त्याने स्वतः करावी. घरच्यांनी केलेली यादी तो पाळत नाही. नार्कोटिक्स अॅनॉनिमसच्या सभा पुण्यात होतात, मोबाईलवरूनही बसता येतं. मुक्तांगण वेगवेगळ्या गावांत पाठपुराव्याच्या सभा घेतं, तुमच्या जवळची कोणती ते विचारा.

बायकोबद्दल दोन शब्द. मंगळसूत्र गहाण पडलेलं असतं, बचत गटाचं कर्ज डोक्यावर असतं, सासू म्हणते 'तूच नीट असतीस तर', आणि तरीही दवाखान्यात रांगेत उभी तीच असते. तिलाही मदत लागते. मुक्तांगणमध्ये 'सहचरी' नावाचा अशा बायकांचा गट आहे, तिथे जा. नवरा यायला तयार नसला तरी जा. मारहाण होत असेल तर त्याचं व्यसन हे ती सहन करण्याचं कारण होऊ शकत नाही. १०९१ किंवा ११२ ला फोन करा.

सहा महिने नीट गेले आणि एखाद्या संध्याकाळी त्याने पुन्हा घेतलं, असं होऊ शकतं. तेव्हा 'सगळं पाण्यात गेलं' म्हणू नका, मारू नका, घराबाहेर काढू नका. मुख्य म्हणजे त्याने ते लपवायची वेळ येऊ देऊ नका, कारण लपून, एकट्याने घेतलेला डोसच जीव घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना केसपेपर घ्या आणि त्याच डॉक्टरांकडे परत जा. एकदा घसरलेल्याला दवाखान्याचं दार बंद होत नाही. आणि हा लेख वाचणारे तुम्ही स्वतःच त्या अवस्थेत असाल, शेवटची पुडी किंवा गोळी घेऊन काही तास झाले असतील, तर आता जांभया सुरू व्हायच्या आत १४४४६ लावा आणि उद्या सकाळच्या गाडीने कुणाला तरी सोबत घेऊन निघा.